जीएसटीचं काम दिलं, लॉगिनही त्याच्याकडेच राहिलं आणि सव्वादोन लाख गेले

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या अकाउंटंटचा फोन आला. "मॅडम, तुमचं एप्रिलपासूनचं एकही बिल आमच्या टूबीमध्ये दिसत नाहीये, तुम्ही रिटर्न भरता ना?" टूबी म्हणजे त्यांना आलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, विकणाऱ्याने रिटर्न भरले तरच बिल त्यात येतं. मी म्हटलं भरते की, दर महिन्याला भरते, चलनं आहेत माझ्याकडे. ते म्हणाले मग एकदा बघून घ्या, तोपर्यंत या बिलातली जीएसटीची रक्कम थांबवायला सांगितलंय सरांनी.

मी कर्वेनगरला राहते आणि घरातूनच काम करते. कोचिंग क्लासेससाठी हजेरी, फी आणि पालकांना मेसेज, एवढं करणारं एक सॉफ्टवेअर आहे माझं. कोड मी लिहिते, डेमो मी देते आणि रात्री अकराला कुणाची फीची पावती निघत नसेल तर फोनही मीच उचलते, दुसरं कुणी नाही. बिलिंग महिन्याला दोन लाखांच्या आसपास जातं, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि सर्व्हर वगैरेच्या बिलांवर मी आधीच दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा जाता साधारण ३१ हजार दर महिन्याला सरकारला भरायचे असतात.

मार्चमध्ये मी ठरवलं की आता सगळं आपण नाही करायचं, काही कामं बाहेर द्यायची. सगळेच तसं सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण कुठलं काम द्यायचं हे मी कसं ठरवलं ते सांगते कारण चूक तिथेच झाली. लोगो मी स्वतः दोन शनिवार-रविवार घालवून केला कारण मला ते करायला आवडत होतं, आणि तो कुणीही चार दिवसांत करून दिला असता. जीएसटीची मात्र मला भीती वाटायची, पोर्टल उघडलं की पोटात गोळा यायचा, म्हणून ते पहिलं देऊन टाकलं. म्हणजे ज्या कामातलं मला काहीच कळत नव्हतं तेच मी दिलं, आणि समोरच्याने ते केलं की नाही हे तपासायची अक्कल माझ्याकडे नव्हती.

माणूस ओळखीतून आला होता. एका क्लासवाल्या सरांनीच नंबर दिला, पेठेत छोटंसं ऑफिस, बोलायला एकदम गोड, दर वाक्याला ताई. बोर्डावर टॅक्स कन्सल्टंट लिहिलेलं होतं, मी ते सीए असंच धरून चालले, विचारलंच नाही. सीए असेल तर आयसीएआयचा, म्हणजे सीएंच्या संस्थेचा, मेंबरशिप नंबर असतो आणि जीएसटी प्रॅक्टिशनर असेल तर त्याचं नाव जीएसटी पोर्टलवरच शोधता येतं, हे मला नंतर कळलं. तो दोन्हींत नव्हता.

पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "ताई, दर वेळी ओटीपी मागायला तुम्हाला फोन करत बसायचा म्हणजे तुमचाच वेळ जातो, आपण माझा मोबाईल आणि ईमेल टाकून ठेवू." मला तेव्हा ते सोयीचंच वाटलं, आणि बदलासाठी लागणारे ओटीपी मीच त्याला फोनवर वाचून दाखवले. पुढच्या महिन्यात म्हणाला, "तुमच्या बँकेचं पेमेंट पोर्टलवर अडकतंय, मला यूपीआय करा, मी इथून भरून टाकतो." मी केलं. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांच्या टॅक्ससाठी मी पुढच्या महिन्याच्या १८-१९ तारखेला त्याला ३१ हजार आणि त्याची फी पाठवत होते, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर चलनाची पीडीएफ येत होती. नाव माझं, जीएसटी नंबर माझा, रक्कम बरोबर.

त्या पीडीएफबद्दल नीट सांगते कारण सगळी फसवणूक त्या एका कागदावर चालली होती. पोर्टलवर चलन कुणीही तयार करू शकतं, त्याला पैसे लागत नाहीत. चलन तयार झालं की त्यावर १४ आकडी सीपीआयएन नंबर येतो आणि ते १५ दिवस चालतं. पैसे खरंच भरले की मग सीआयएन नंबर येतो, तो १७ आकडी असतो, आणि तो ज्या पावतीवर असतो तीच पैसे भरल्याची पावती. माझ्याकडच्या सातही पीडीएफवर फक्त सीपीआयएन होता. वरती चलन कधी एक्स्पायर होणार ती तारीखसुद्धा स्वच्छ छापलेली होती, भरलेल्या पैशाला एक्स्पायरी कशाला असेल, पण सात वेळा मी ती फाइल उघडली आणि रक्कम बघून बंद केली.

तर त्या अकाउंटंटचा फोन ठेवल्यावर मी कन्सल्टंटला लावला, तो म्हणाला सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे ताई, दोन दिवसांत दिसेल. तेवढ्यात माझे बाबा शेजारी बसून ऐकत होते, ते म्हणाले, "अगं तो सांगतोय ते सोड, तुला स्वतःला कुठे बघता येतं का ते बघ." बघता येतं. जीएसटीच्या वेबसाइटवर लॉगिन न करता सर्च टॅक्सपेयरमध्ये कुणाचाही जीएसटी नंबर टाकला की खाली फायलिंग टेबल उघडता येतं, कुठला रिटर्न कुठल्या तारखेला भरला ते सगळं दिसतं. माझ्या नंबरसमोर शेवटची नोंद मार्चची होती, त्यानंतर काहीच नाही. मी ते पान तीन वेळा रिफ्रेश केलं, हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवसापासून त्याने फोन घेणं बंद केलं आणि ऑफिसला कुलूप.

माझ्याच खात्यात मला जाता येत नव्हतं कारण पासवर्ड बदलायला गेलं की ओटीपी त्याच्याकडे जाणार. यावर मार्ग आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो म्हणून लिहिते. आपलं रजिस्ट्रेशन ज्या अधिकाऱ्याच्या हद्दीत येतं ते त्याच सर्च टॅक्सपेयरच्या पानावर लिहिलेलं असतं, त्यांच्याकडे अर्ज आणि ओळखीची कागदपत्रं दिली की ते पडताळून मोबाईल आणि ईमेल बदलून देतात आणि नवीन ईमेलवर तात्पुरता पासवर्ड येतो. सल्लागारांनी स्वतःचे नंबर टाकून ठेवल्याच्या तक्रारी आल्या म्हणूनच २०१८ मध्ये ही सोय केली गेली. मला येरवड्याच्या जीएसटी भवनात दोन फेऱ्या माराव्या लागल्या. तिथले साहेब चांगले बोलले पण स्पष्ट बोलले, "तुम्ही त्याला पैसे दिले हे खरं असेल, पण आमच्याकडे आलेले नाहीत, जबाबदारी तुमचीच."

लॉगिन मिळालं तर आत रजिस्ट्रेशन रद्द का करू नये अशी नोटीस येऊन पडलेली. सलग सहा महिने रिटर्न नाही भरले की अशी कारवाई होऊ शकते, उत्तराला सातच कामाचे दिवस असतात, आणि ती नोटीस ईमेलवर गेली होती म्हणजे त्यालाच गेली होती.

मग मावसभावाच्या ओळखीच्या खऱ्या सीए बाईंना घेऊन बसले आणि १० डिसेंबरला सगळं भरलं. टॅक्स २ लाख १७ हजार परत एकदा, वर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज जवळजवळ १२ हजार, आणि लेट फी १३ हजार. लेट फी दिवसाला ५० रुपये असते, माझ्यासारख्या दीड कोटीच्या आतल्या धंद्याला एका थ्रीबीमागे, म्हणजे दर महिन्याच्या रिटर्नमागे, २ हजारांच्या वर जात नाही म्हणून तेवढ्यावर भागलं. घरासाठी बाजूला ठेवलेली एफडी मोडली. आणि पैशापेक्षा मला सदाशिव पेठेतल्या त्या क्लासच्या सरांना जाऊन सांगणं जड गेलं, की तुमच्याकडून मी टॅक्स घेतला आणि तो पोचलाच नाही.

आता मी कामं बाहेर देणं बंद केलेलं नाही, एकटीने होतच नाही ते. रिटर्न अजूनही सीए बाईच बनवतात. पण पहिले दोन महिने त्यांच्या शेजारी बसून मी स्वतः थ्रीबी भरायला शिकले, तीन तास गेले असतील एकूण, ज्याची मला वर्षभर भीती वाटत होती. मोबाईल नंबर माझा, ईमेल माझा, ओटीपी मी देते तोही कशासाठी आहे ते वाचून. चलन त्या बनवतात, पैसे माझ्या बँकेतून मी भरते. हाच प्रश्न डोमेनचा, सर्व्हरचा आणि अॅपच्या खात्याचाही आहे हे लक्षात आल्यावर त्या रात्री सगळं तपासलं, वेबसाइट बनवणाऱ्या मुलीने डोमेन माझ्याच नावावर घेतलं होतं, बिचारीला मी रात्री साडेअकराला फोन करून उठवलं.

पोलिसांत अर्ज दिलाय, यूपीआयच्या सगळ्या नोंदी, सातही पीडीएफ आणि चॅट जोडून, भारतीय न्याय संहितेच्या ३१६ आणि ३१८ कलमांखाली, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा असतो, माझ्या वेळी सात महिने उलटून गेले होते. अजून काही परत आलेलं नाही.

ज्या सरांनी मला त्याचा नंबर दिला होता त्यांच्याकडून त्याच्या आणखी चार गिऱ्हाइकांची नावं घेतली आणि चौघांना फोन केले. दोघांनी उचलला. त्यातल्या एकाला मी फोनवरच सर्च टॅक्सपेयर उघडायला लावलं, नंबर टाका, कॅप्चा टाका, खाली जा, आणि मग ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, शेवटी म्हणाले, "जूनपर्यंतच दिसतंय हो ताई."