देवबागच्या होमस्टेसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: एका हंगामाचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे मालवणच्या पर्यटनाचा अख्खा हंगाम, आमच्या देवबागच्या होमस्टेचा पाहुण्यांशी होणारा सगळा संपर्क मी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरून सांभाळला. २०१८ साली छोट्या व्यवसायांसाठी आलेले हे अ‍ॅप मोफत आहे. त्याच्या जाहिराती भरपूर वाचायला मिळतात, पण चार खोल्या चालवणाऱ्या कुटुंबाला ते कितपत उपयोगी पडते हे फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा सविस्तर अनुभव.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्या काळात आमच्याकडे येणारा पाहुणा बहुधा कोणाच्या तरी ओळखीने येई. पत्र किंवा एसटीडी बूथवरून केलेला फोन एवढाच आधार असे आणि पावसात तारा तुटल्या की तोही संपे. पुढे बुकिंगची संकेतस्थळे आली. त्यांच्यामुळे अनोळखी माणूस आमच्यापर्यंत पोहोचला, परंतु त्यांना कमिशन द्यावे लागले आणि पाहुणा दारात येईपर्यंत त्याला काय हवे आहे हे आम्हाला कळेनासे झाले. बुकिंग आणि आगमन यांच्यामधले हे रिकामे दिवस या अ‍ॅपने भरून काढले, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल तेवढ्यातच आहे.

सर्वाधिक उपयोग झाला तो तयार उत्तरांचा. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी बोट चालू आहे का, कुडाळ स्टेशनवरून कसे यायचे, समुद्र किती लांब आहे, मासे रोज मिळतात का, हेच प्रश्न प्रत्येकजण विचारतो. अशा प्रश्नांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवली की तिरकी रेघ आणि ठरवलेला शब्द टंकताच पूर्ण मजकूर समोर येतो. मासळीबद्दलचे आमचे उत्तर असे आहे: “१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात सुरमई-पापलेटची खात्री देता येत नाही. खाडीचे मासे मिळाले तर करू, नाहीतर सोलकढीसह शाकाहारी जेवण असेल.” हे वाचून काही जण येत नाहीत. जे येतात ते मात्र ताटावर बसून तक्रार करत नाहीत, आणि आमच्यासारख्या घरगुती व्यवसायात हीच मोठी कमाई आहे.

कॅटलॉगमध्ये खोल्यांचे फोटो आणि दर टाकता येतात. ते ठीक आहे. लेबलेही कामाची आहेत: ‘आगाऊ रक्कम आली’, ‘येण्याची वेळ कळवायची’ अशी खूण असली की गर्दीच्या आठवड्यात गोंधळ होत नाही. पैशांच्या बाबतीत मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. यूपीआयने रक्कम पाठवल्याचा फोटो आला म्हणून खोली पक्की करू नये, बँकेच्या खात्यात रक्कम जमा झालेली पाहूनच ‘पक्के’ असे लिहावे.

अ‍ॅपची मला सर्वांत आवडलेली बाजू कोणत्याही व्यावसायिक सोयीची नाही. माझी वहिनी स्वयंपाकघर सांभाळते आणि तिला टंकत बसायला वेळ नसतो. ती सकाळी मासळी बघून थेट आवाजी संदेश पाठवते: “आज सुरमय गावूक नाय, बांगडे ताजे आसत. ते करू काय?” रेल्वेत बसलेला पाहुणा तो ऐकतो आणि जेवण ठरते. मूळचे मालवणी पण मुंबईत वाढलेले कित्येक पाहुणे हा आवाज घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम ऐकवतात.

आता मर्यादा. ब्रॉडकास्ट यादीतला, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला, संदेश ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, त्यामुळे जुन्या पाहुण्यांना हंगामाची सूचना देण्याचे ते भरवशाचे साधन नाही. आपण कामावर नसताना जाणारे स्वयंचलित उत्तर तर फार जपून वापरावे. अंधारात कर्ली नदीच्या बाजूला रस्ता चुकलेल्या कुटुंबाला ‘आम्ही सकाळी संपर्क करू’ असे यंत्राने सांगणे हा पाहुण्याचा अपमान आहे. ज्या दिवशी कोणी यायचे असेल त्या रात्री आम्ही ती सोय बंद ठेवतो आणि घराचे ठिकाण नकाशाच्या खुणेसह आधीच पाठवून साधा फोनही करतो. देवबागची पट्टी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी अशी चिंचोळी आहे, मोबाइलची रेंज जागोजागी बदलते, आणि संदेशाखाली निळ्या खुणा उमटण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा दोन शब्द बोललेले कधीही चांगले.

ज्यांच्याकडे मोजक्या खोल्या आहेत आणि उत्तर देणारे माणूस घरातच आहे त्यांनी हे अ‍ॅप जरूर घ्यावे. मोठ्या हॉटेलांचे गणित वेगळे आहे. सुरू करताना व्यवसायासाठी स्वतंत्र सिमकार्ड घ्यावे, कारण खाते त्या क्रमांकाशी बांधलेले असते. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन पहिल्याच दिवशी लावावा, आणि पाहुणा म्हणवणाऱ्या कोणी ओटीपी मागितला तर तो कोणत्याही कारणाने देऊ नये.