चादरीचं डिझायनर जॅकेट : अस्तरासकट आणि अस्तराशिवाय

डाव्या बाहीत हात घातला की बोटं सरळ बाहेर येत नाहीत. मुंढ्यापाशी, म्हणजे बाही धडाला जोडतात तिथे, उसवलेल्या अस्तरात शिरतात आणि कापड नि अस्तर यांच्या मधल्या पोकळीत अडकून बसतात. मग हात मागे घ्यायचा, दुसऱ्या हाताने अस्तर धरायचं आणि पुन्हा घालायचा. नऊ हजार आठशे रुपयांच्या जॅकेटाची ही गत पहिल्याच दिवाळीत झाली. म्हणून सविस्तर लिहायला घेतलंय, आणि त्यात अस्तराबद्दल बरंच येणार आहे.

सोलापुरी चादरीची जॅकेटं, शर्ट आता सगळ्यांच्या पाहण्यात आहेत, त्यामुळे ते काय असतं ते सांगत बसत नाही. माझं जॅकेट उभ्या कॉलरचं, कमरेच्या खाली येणारं, मरून आणि मोतिया रंगातलं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पुण्यातल्या एका प्रदर्शनात घेतलं, लेबल मुंबईचं. घरी आणल्यावर नणंदेचा पहिला प्रश्न, "वहिनी, सोलापुरात राहून चादर पुण्यात घेतलीत?" प्रश्न रास्तच आहे. चादर इथे हवी तेवढी मिळते. मी पैसे मोजले ते कटिंगचे, आणि त्या पैशांबद्दल आजही माझी तक्रार नाही.

कटिंग का आवडलं ते सांगते. पुढचे दोन भाग बटणं लावून मिटले की चादरीच्या नक्षीतला मोर अखंड दिसतो. चोच डाव्या भागावर, मान उजव्या भागावर, आणि मधे रेघभरही फरक नाही. डिझाइन असं जुळवायचं तर कापड वाया जातं. मोर जिथे येतो तिथूनच कापावं लागतं, मग उरलेल्या तुकड्यांतून बाह्या निघतील न निघतील. चादरीच्या बहुतेक जॅकेटांत मोराचं डोकं खिशाखाली गेलेलं असतं नाहीतर खांद्यावरून मागे लोंबत असतं. इथे तसं नाही. दुसरं म्हणजे चादरीचा मूळचा काठ त्यांनी खालच्या घेराला तसाच ठेवलाय, दुमडून शिवलेला नाही. काठाचं विणकाम घट्ट आणि जड. त्या वजनाने जॅकेट खाली ताठ उभं राहतं, बसताना वर चढत नाही.

हे पाहिल्यावर मला शनेलचं जॅकेट आठवलं. पॅरिसच्या डिझायनर कोको शनेलने दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला बंद केलेलं आपलं फॅशन हाउस १९५४ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हाच्या त्या ट्वीडच्या सुटांवर माझा फार जीव आहे. त्या जॅकेटाच्या खालच्या कडेला आतून एक बारीक साखळी शिवलेली असते. बाहेरून दिसत नाही, पण तिच्या वजनाने जॅकेट अंगावर सरळ पडतं. साखळीचं ते काम आमच्या चादरीत काठच करतो. मुंबईच्या डिझायनरने हे ओळखलं याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

मात्र त्याच शनेल जॅकेटाचं अस्तरही बघायला हवं होतं. तिथे रेशमी अस्तर ट्वीडवर ठेवून दोन्ही मिळून उभ्या शिवणी मारतात, म्हणजे अस्तर आणि कापड एकमेकांना धरून राहतात आणि सैल विणीच्या ट्वीडलाही आकार राहतो. माझ्या जॅकेटात अस्तर म्हणून निव्वळ पॉलिस्टर सॅटिन लावलंय. चकचकीत, निसरडं, घातल्यावर आधी गार लागतं आणि पाच मिनिटांत पाठीला चिकटतं. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण अगदी ऑक्टोबरातसुद्धा दुपारी हे अस्तर सहन होत नाही. वर शुद्ध सुती चादर, आत प्लॅस्टिकची पिशवी घातल्यासारखी घुसमट. सुती कापडाचे पैसे घ्यायचे आणि अंगाला लावायचं पॉलिस्टर, हा व्यवहार मला पटत नाही.

पॉलिस्टरला मी सरसकट नावं ठेवत नाही. जपानी डिझायनर इस्से मियाके यांनी १९९३ मध्ये 'प्लीट्स प्लीज' हे चुण्याचुण्यांचे कपडे आणले ते पॉलिस्टरमध्येच. त्यांनी कपडा आधी मोठा शिवून घेतला आणि चुण्या नंतर घातल्या. पॉलिस्टर उष्णतेने घडी धरून ठेवतं म्हणूनच ते जमलं. तिथे त्या धाग्याला काम आहे. माझ्या जॅकेटात त्याला स्वस्त असण्यापलीकडे काही काम नाही.

उसवलं कसं, तेही नीट पाहिलं. दिवा जवळ धरला तर शिवण जागच्या जागी दिसली, दोराही शाबूत. कापडच शिवणीतून निसटलं होतं. सॅटिनचे धागे मोकळे होत जातात, म्हणून त्याला माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, भरपूर ठेवावी लागते. इथे जेमतेम बोटाच्या नखाएवढी ठेवलेली. त्यात पाठीच्या मध्यावर अस्तराला जी उभी चुण लागते ती घेतलेलीच नव्हती. आपण हात पुढे करतो, गाडीचं हँडल धरतो, वरच्या फळीवरचं काही काढतो, तेव्हा पाठ रुंदावते. चादर सैल विणीची, ती थोडी सरकून घेते. अस्तर सरकत नाही. मग सगळा ताण मुंढ्यावर येतो. रोज स्कूटी चालवणाऱ्या बाईच्या अंगावर हे टिकणारच नव्हतं.

लेबलला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. उत्तर आलं, "प्रिय ग्राहक, हा नियमित वापराचा परिणाम आहे." मी लिहिलं, नियमित वापरासाठीच घेतलं होतं. मग त्यांचं म्हणणं की अल्टरेशनची मुदत तीस दिवस, अस्तर त्यात धरत नाहीत, तरीही जॅकेट कुरिअरने पाठवलं तर बघू, दोन्हीकडचा खर्च तुमचा, दुरुस्तीचा दर पाहिल्यावर सांगू. मी चुण का नाही आणि माया एवढी कमी का, असं विचारलं. त्यावर डिझायनरच्या कल्पनेबद्दल एक परिच्छेद आला, त्यात कारागीर, वारसा, सोलापूर, सगळं होतं. चुणेबद्दल एक शब्द नव्हता. मला याचा मनस्ताप झाला, आणि तो पैशांपेक्षा वेगळ्या कारणाने. चादरीच्या पुढच्या बाजूसाठी ज्याने एवढी मेहनत घेतली, त्याने आतली बाजू पाहिलीच नाही. माझ्या मते डिझायनर कपड्याची किंमत आतून ठरते. बाहेरून फोटो निघतो, आतून अंगाला लागतं.

वरचं सगळं मी दिवाळीनंतर रागात लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे द्यायचे ठरवलं होतं. पुढचं त्यानंतरचं आहे.

जॅकेट पूर्व भागातल्या एका शिंप्याकडे नेलं. अण्णांची हयात शाळेचे गणवेश आणि सफारी शिवण्यात गेली. देशभर गणवेश पाठवणाऱ्या या गावात असे हात गल्लोगल्ली आहेत, त्यांना डिझायनर म्हणत नाहीत एवढंच. माझं म्हणणं होतं की सॅटिन काढून सुती अस्तर लावा आणि चुण घ्या. अण्णांनी जॅकेट उलटं केलं, मुंढ्यात दोन बोटं घालून ओढून पाहिलं आणि म्हणाले, "मोकळीकच ठेवली नाही की ओ ताई. पण अस्तर लावायलाच कशाला पाहिजे?" त्यांनी खालून एक वीतभर अस्तर उसवलं आणि चादरीची आतली बाजू मला दाखवली.

मी सोलापुरात वाढले, चादरी पांघरूनच मोठी झाले, तरी त्या क्षणी हरखून गेले. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. जॅकार्ड मागावर ती अशी विणतात की उलट्या बाजूला नक्षी तीच, फक्त रंगांची अदलाबदल. बाहेर मरून जमिनीवर मोतिया मोर, आत मोतिया जमिनीवर मरून मोर. याच चादरीला भौगोलिक मानांकन आहे. आणि तिची अर्धी बाजू त्या लेबलने चकचकीत सॅटिनखाली झाकून टाकली होती!

मग ठरलं ते असं. धडाचं सगळं अस्तर काढायचं. फक्त बाह्यांना आणि खांद्यापाशी पातळ सुती अस्तर ठेवायचं, कारण ते नसलं तर चादर कुर्त्याच्या बाहीला धरते आणि हात सरकत नाही. उघड्या पडलेल्या प्रत्येक शिवणीच्या कडेला मरून सुती उरेबी, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावायची. आतला खिसा अस्तराबरोबर गेला, तो उरलेल्या चादरीच्या तुकड्याचा वरून लावून घेतला. सातशे रुपये आणि सुताचे किरकोळ पैसे. पट्टी कशी लावलीय ते जवळून बघण्यासारखं आहे: गोलाईवर एकही सुरकुती नाही, टोकाशी कापड आत वळवून हाताने टाके घातलेत आणि ते टाके बाहेरच्या बाजूला उमटलेले नाहीत. मूळ जॅकेटात असं काम कुठेच नव्हतं.

काढून टाकल्याने जॅकेट सुधारतं हे अरमानींनी जगाला दाखवलंय. मिलानच्या जॉर्जिओ अरमानींनी १९७५ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि पुरुषांच्या कोटातलं अस्तर, पॅडिंग, ताठ थर काढून टाकले, कोट सदऱ्यासारखा अंगावर पडू लागला. २०२५ च्या सप्टेंबरात ते ९१व्या वर्षी गेले, तेव्हा त्यांचे जुने फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले. खांदा ओघळलेला, कापड हलतंय, माणूस मोकळा. मला डिझायनरांमध्ये तेच सर्वांत जवळचे वाटतात. अर्थात अस्तर काढलं की आतलं एकूण एक काम उघडं पडतं. बिनअस्तराचं जॅकेट नीट शिवायला अस्तराच्या जॅकेटाहून जास्त कौशल्य लागतं, हे अण्णांची पट्टी पाहून कळतं.

आपल्याकडची बाराबंदी तरी काय आहे? संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांबरोबर, हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत चालतात. अस्तर नाही, बटण नाही, फक्त बंद. अंग हलेल तसं कापड हलतं, एवढा मोठा नंदीध्वज पेलतानाही खांद्यावर ओढ पडत नाही. यंदा अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, संमती कट्ट्याच्या गर्दीत मी हे जॅकेट घालून गेले होते आणि माझं लक्ष सारखं लोकांच्या बाराबंद्यांच्या मुंढ्यांकडे होतं. आपल्या डिझायनरांनी तो कपडा एकदा उलगडून जमिनीवर पसरून पाहावा, असं मला फार वाटतं.

आता कशावर घालते ते. पहिली पसंती पांढरा मलमलचा कुर्ता आणि काळी सरळ पँट. दिल्लीचे डिझायनर रोहित बल यांच्या कपड्यांवर मोर आणि कमळं असायची, मखमलीवरसुद्धा. ते फोटो बघत बघत माझं पक्कं मत झालंय की मोराला भोवती मोकळी जागा लागते. म्हणून याच्याबरोबर छापील ओढणी, मोठे झुमके काही नाही. कानात बारीक मोती पुरे. दुसरी पसंती, आणि ही माझी सर्वांत लाडकी, म्हणजे काळी सुती इरकल नेसून वर हे जॅकेट, बटणं न लावता. इरकलीचा लाल पदर मागून जॅकेटाखाली दिसतो आणि मरूनशी छान जातो. खणाच्या ब्लाउजवर मात्र अजिबात नाही, दोन्ही नक्ष्या एकमेकींना खातात. जीन्सवर बरं दिसतं, पण सगळे तसंच घालतात.

थंडीत सकाळी फिरायला आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या एसी डब्यात याला तोड नाही. रात्री मुंबईकडे जाताना बटणं काढून अंगावर पांघरलं की रेल्वेचं ब्लँकेट लागत नाही, चादर शेवटी चादरच आहे. समारंभात लोक बाहेरची बाजू बघून विचारतात, आतली बाजू दाखवली की हात लावून बघतात. बाह्यांची टोकं मी आता मुद्दाम एक घडी वर दुमडते, म्हणजे आतला मोतिया रंग मनगटापाशी दिसतो. हे सॅटिन असताना शक्य नव्हतं.

तक्रारी अजून आहेत. वजन आहेच. कॉलर ताठ राहावी म्हणून आत चिकटवलेलं फ्युजिंग मानेच्या घामाने एका जागी फुगायला लागलंय. अण्णा म्हणतात ते काढून साधं सुती कापड घालू, उन्हाळ्यात ते करून घेईन. आणि मार्चपासून दुपारी घालणं बंद, अस्तर काढलं तरी चादर उबदारच. पण धुण्याचा प्रश्न सुटला. आधी फक्त ड्रायक्लीन करावं लागायचं, दर खेपेला साडेतीनशे रुपये. आता कॉलर भिजू न देता थंड पाण्यात हाताने धुते आणि सावलीत वाळवते.

पाचापैकी किती द्यायचे तर, जसं विकलं तसं दोन, जसं आज आहे तसं साडेचार. लेबलला मी उलट्या बाजूचे फोटो पाठवलेत आणि पुढच्या लॉटला अस्तर लावू नका असं लिहिलंय. निळी टिक आली, उत्तर नाही.

नणंदेला आता तसंच हवंय, ते अण्णाच शिवणार आहेत. शिलाई अडीच हजार, चादर आपली. इथल्या कुणाला करून घ्यायचं असेल तर चादर आधी एकदा धुऊन, वाळवून, मगच कापायला द्या, कारण ती आटते. कापायच्या आधी मोर पुढे कुठे हवा ते खडूने खूण करून दाखवा. आणि पूर्ण बाह्यांसाठी एकेरी चादर पुरेल का, हे माप देतानाच विचारा. डिझाइन जुळवायचं असेल तर अण्णा डबलच मागतात.