चिंता मुलाची, थेरपीला आईबाबा: ‘स्पेस’ उपचारपद्धतीचं परीक्षण

मुलांना वाटणाऱ्या अति चिंतेवरच्या ‘स्पेस’ उपचारात मुलाला दवाखान्यात न्यावंच लागत नाही. आठवड्याला साधारण तासाभराचं एक, अशी १२ सत्रं होतात आणि त्यांना बसतात फक्त आईबाबा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या चाइल्ड स्टडी सेंटरमध्ये मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी ही पद्धत विकसित केली. सपोर्टिव्ह पेरेंटिंग फॉर अँक्शस चाइल्डहूड इमोशन्स हे तिचं पूर्ण नाव. आईबाबांना बोलावलं म्हणजे चूक त्यांची, असं अनेकांना वाटतं. या पद्धतीचं तसं म्हणणं अजिबात नाही. बरीच चिंताग्रस्त मुलं समुपदेशकाचं नाव काढताच खोलीचं दार लावून घेतात, किंवा गेली तरी तोंड उघडत नाहीत. मूल तयार होण्याची वाट न पाहता उपचार सुरू करता येतो, ही ‘स्पेस’ची सर्वांत मोठी जमेची बाजू.

नऊ वर्षांची मुलगी रात्री विचारते, “आई, तुला काही होणार नाही ना?” आई म्हणते, “नाही गं बाळा.” पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. दहाव्यांदा उत्तर दिल्यावर आई तिच्याजवळच झोपते. मुलीला त्या क्षणी बरं वाटतं, पण आई जवळ होती म्हणूनच आपण निभावलो, एवढंच ती त्यातून शिकते. दुसऱ्या रात्री प्रश्न वाढतात. मुलाच्या चिंतेपायी घरच्यांनी आपलं वागणं असं बदलत नेणं याला ‘स्पेस’मध्ये ‘फॅमिली अकोमोडेशन’ म्हणतात. मराठीत जवळचा शब्द ‘सांभाळून घेणं’, आणि आपल्याकडे तो गुण मानला जातो. म्हणून मराठी घरात ही पद्धत वापरताना पहिली दोन सत्रं इथेच खर्ची पडली तरी चालेल. माया कमी करायची नाहीये, चिंतेला पुरवला जाणारा शिधा तेवढा कमी करायचाय, हे आईबाबांना मनापासून पटल्याशिवाय पुढचं काहीच टिकत नाही.

सुरुवात बोलण्यापासून होते. एका वाक्यात दोन गोष्टी हव्यात: भीतीची कबुली आणि मुलावरचा विश्वास. “तुला आत्ता खूप भीती वाटतेय, मला कळतंय. आणि तू ती सहन करू शकतेस, याची मला खात्री आहे.” इथे ‘आणि’च म्हणायचं. ‘पण’ म्हटलं की आधीची कबुली पुसली जाते. “त्यात काय एवढं घाबरायचं?” यात कबुली नाही, “बिचारीला नाहीच जमत” यात विश्वास नाही. हे वाक्य सहज तोंडी बसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तेवढे द्यावेत.

मग आईबाबा मुलाच्या चिंतेपायी दिवसभरात काय काय करतात, याची सकाळपासून रात्रीपर्यंतची यादी करायची. त्यातली एकच गोष्ट निवडायची: रोज किंवा जवळजवळ रोज घडणारी, आधी अंदाज येणारी आणि दोघांनाही बदलावीशी वाटणारी. महिन्यातून एकदा होणारी गोष्ट निवडली तर सरावच होत नाही. योजना लिहिताना हमखास एक चूक होते, ती म्हणजे “मुलगी एकटी झोपेल” असं लिहिणं. ते मुलीचं वागणं झालं, ते आपल्या हातात नाही. आईबाबा काय करतील, किती वेळा आणि कधी, तेवढंच लिहायचं.

नंतर शांत वेळ बघून, झोपेच्या तोंडावर किंवा रडारडीत नव्हे, मुलाला छोटी चिठ्ठी वाचून दाखवायची. उदाहरणार्थ: “रात्री तुला माझी काळजी वाटते, ते किती त्रासाचं असतं हे आम्हाला कळतं. आणि तुला ते झेपेल याची आम्हाला खात्री आहे. सोमवारपासून त्या प्रश्नाला मी रात्री एकदाच उत्तर देईन. पुन्हा विचारलंस तर मी तुला जवळ घेईन, पण उत्तर देणार नाही.” वाद घालायचा नाही. चिठ्ठी फाडली तरी चालेल. दुसरी प्रत ठेवा.

पहिल्या काही दिवसांत रडणं, चिडणं, प्रश्न विचारणं वाढतं. बरीच घरं नेमकी इथे माघार घेतात. चार रात्री ठाम राहून पाचव्या रात्री बाराला उत्तर दिलं, तर जास्त ताणलं की उत्तर मिळतं हे मूल शिकतं, आणि पुढची खेप आणखी अवघड जाते. आजी-आजोबा घरात असतील तर चिठ्ठी वाचण्याआधीच त्यांना योजना सांगा. नाहीतर आई थांबते आणि उत्तर आजी देते. ‘स्पेस’मध्ये अशा माणसांना समर्थक म्हणून मुद्दाम सोबत घेतात. मामाने दुसऱ्या दिवशी फोन करून “काल अवघड गेलं ना? तरी निभावलंस!” म्हणणं पुष्कळ काम करतं.

पुरावा चांगला आहे. २०२० मध्ये छापून आलेल्या येलच्या चाचणीत ७ ते १४ वयाची १२४ मुलं होती. आईबाबांची ‘स्पेस’ सत्रं मुलांच्या थेट सीबीटीपेक्षा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीपेक्षा, कमी ठरली नाहीत. मात्र ती एकाच केंद्रातली चाचणी होती, हे लक्षात ठेवावं. सीबीटीमागे जास्त मोठे अभ्यास आहेत. २००८ च्या अमेरिकन चाचणीत ४८८ मुलांपैकी सीबीटी आणि सर्ट्रालिन हे चिंतेवरचं औषध असं दोन्ही मिळालेल्यांत सुमारे ८१ टक्के सुधारले, नुसत्या सीबीटीने ६०, नुसत्या औषधाने ५५ आणि प्लासिबोने (औषध नसलेल्या गोळीने) २४ टक्के. म्हणून मूल स्वतः बोलायला तयार असेल तर सीबीटी टाळू नये, आणि त्रास तीव्र असेल तर बालमनोविकारतज्ज्ञाने सुचवलेल्या औषधाला घाबरू नये.

शाळेत मूल खरोखर छळलं जात असेल, किंवा वाचन-लेखनाची अडचण असेल, तर आधी ते सोडवावं लागतं. तिथे आधार काढून घेणं हा अन्याय आहे. रोजच्या पोटदुखीसाठी एकदा बालरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. मूल मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर योजना बाजूला ठेवून त्याच दिवशी तज्ज्ञाला गाठा. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. थेरपिस्ट ठरवताना दोन प्रश्न विचारा: ‘स्पेस’चं प्रशिक्षण घेतलंय का, आणि सत्रांच्या मधल्या आठवड्यात योजना कोलमडली तर फोनवर बोलता येईल का?