ट्यूब टीव्हीचा सप्लाय उडाला: जुनाच बनवावा की युनिव्हर्सल मॉड्यूल टाकावं?

मृगापासून पोळ्यापर्यंत आमच्या हिंगणघाटाकडच्या गावांत टीव्ही उडायचा हंगाम असतो. वीज कडाडते, लाइन जाते, आणि परत येते ती झटका देऊनच. "भाऊ, लाल लाइटही नाही येऊन राहिला," म्हणत माणूस सेट टेबलावर ठेवतो, आणि लगेच विचारतो, "बनते का, का मॉड्यूलच टाकता?" तालुक्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की जुना सप्लाय (लाइनच्या विजेतून सेटला लागणारे व्होल्ट बनवणारा भाग) आता कोणी बनवत नाही, तयार मॉड्यूलची पट्टी टाकतात अन् मोकळे होतात.

मी दोन्ही करतो. पण सेट न उघडता "मॉड्यूल टाकावं लागेल" म्हणणाऱ्याकडून टीव्ही उचलून परत आणावा, हे माझं स्पष्ट मत.

कारण मॉड्यूल म्हणजे अख्खा सप्लाय नव्हे. ते फक्त मधल्या आयसीचं किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टरचं काम करतं. त्याच्या आधीचे फ्यूज, डायोड, मोठा कंडेन्सर जुनेच राहतात आणि पुढचा ट्रान्सफॉर्मरही जुनाच. बिघाड या दोन टोकांना असेल तर नव्या पट्टीचे पैसे पाण्यात.

म्हणून पहिलं माप मोठ्या कंडेन्सरवर. २३० व्होल्टची लाइन चार डायोडमधून गेली की तिथे सव्वातीनशेच्या आसपास डीसी मिळायला हवी. मीटरची काळी तार त्याच कंडेन्सरच्या निगेटिव्हला लावायची, ट्यूनरच्या पत्र्याला नाही. दोन्ही ग्राउंड वेगळे असतात. नवी पोरं इथेच फसतात आणि चांगला सप्लाय मेलेला ठरवतात. आणि हो, प्लग काढल्यावरही हा कंडेन्सर भरलेला राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, साठ वॉटचा बल्ब टेकवून रिकामा करा.

तिथे व्होल्टेजच नसेल तर काम सहसा स्वस्तात होतं. फ्यूज काळा पडला असेल तर डायोड शॉर्ट, स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट, किंवा डिगॉसिंगचा, म्हणजे ट्यूबवरचे चुंबकाचे डाग काढणाऱ्या कॉइलचा, पॉझिस्टर (गरम झाला की करंट रोखणारा भाग) गेलेला. नवा फ्यूज टाकण्याआधी डिगॉसिंग कॉइलचा प्लग काढायचा आणि शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आतच आहे. एकदम पेटून मंद झाला तर कंडेन्सर भरला, पुढे चला.

सव्वातीनशे आहेत पण पुढे काहीच नाही, तेव्हा आधी स्टार्टचा मोठ्या किमतीचा रेझिस्टर आणि आयसीजवळचा छोटा कंडेन्सर, बहुधा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा. आमच्या उन्हाळ्यात, पंचेचाळीस अंशांत, टिनाखाली ठेवलेल्या सेटमधला हा कंडेन्सर सुकतो. असे कित्येक सेट चहाच्या पैशांत उठलेत, आणि त्यांच्या मालकांना आधी मॉड्यूलचा भाव सांगितलेला होता.

आतून टिकटिक येत असेल तर सप्लायला दोष देण्याआधी हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर (सप्लायवरचा सगळ्यात मोठा लोड चालवणारा) तपासा. तो शॉर्ट झाला की सप्लाय उठायला जातो आणि बसतो. तो काढून सप्लायच्या मुख्य आउटपुटवर, म्हणजे बी-प्लसवर, साठ वॉटचा बल्ब लोड म्हणून लावला आणि २१ इंची सेटमध्ये ११० च्या आसपास व्होल्ट स्थिर आले, तर सप्लाय निर्दोष.

मग मॉड्यूल कधी? एसटीआरसारखी सप्लायची पॉवर आयसी फुटली आणि अस्सल मिळत नाही तेव्हा. नागपुरात सीताबर्डीला शोधलं तर मिळते, पण नक्कलही तितकीच मिळते, आणि ती दोन दिवसांत फुटून सोबत चार भाग घेऊन जाते. आयसीभोवतीचं बोर्ड जळून कोळसा झालं असेल तरीही मॉड्यूलच बरं. तीन-चार तारा जोडल्या की अर्ध्या तासात काम होतं.

पण त्याचा स्वभाव ओळखा. पट्टीवरच्या प्रीसेटने (स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने) बी-प्लस ठरतो. तो चढा राहिला की ट्रान्सफॉर्मरचे बाकीचे व्होल्टही सोबत चढतात, आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जातो. काही सेटमध्ये रिमोटने बंद करणंही धड चालत नाही. रब्बीत शेतातले पंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज दीडशेवर येतं, तेव्हा मूळ सप्लाय नीट बनवलेला असेल तर शांतपणे चालतो. स्वस्त मॉड्यूल मात्र फडफडताना मी पाहिलंय.

नवा एलईडी घ्यायचा तर कारण वेगळं असावं. पिक्चर ट्यूब आधीच फिकट झाली असेल, चित्र उजळायला दहा मिनिटं लागत असतील, किंवा ईएचटीही (ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर) गेली असेल, तर दोन्ही दुरुस्त्या सोडा. चित्र चांगलं असेल आणि घरात फ्री डिशचा बॉक्स तीन पिनांच्या एव्ही तारेने चालत असेल, तर बनवून घ्या.

आणि काहीही केलं तरी सेट लगेच घरी नेऊ नका. मागचं झाकण उघडं ठेवून दोन तास चालवायला लावा आणि बी-प्लस पुन्हा मोजायला सांगा. गरम झाल्यावर आकडा पाच-सात व्होल्टनी वर सरकला, तर पैसे देण्याआधी तिथेच थांबा.