बैठक आणि माजघर: एकाच घरात दोन खोल्या, दोन वेगळे हिशेब

उदगीरच्या आमच्या घरात लागून दोन खोल्या आहेत, पण त्या दोन वेगळ्या काळातल्या. पुढची बैठक १९९६ सालची, विटा-सिमेंटची, वर स्लॅब. मागचं माजघर सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं, दोन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंतींचं. त्यावर पूर्वी माळवद होतं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, माळवदांच्या मातीखाली माणसं गाडली गेली. त्यानंतर आमच्या भागात ज्याला जमेल त्याने डोक्यावरची माती उतरवून पत्रे टाकले. आमच्या माजघरावरही तेव्हापासून पत्रेच.

२०२२ च्या दिवाळीनंतर सोयाबीनचे पैसे हातात आले आणि या दोन्ही खोल्या नीट करायचं ठरलं. पन्नास हजारांच्या वर जायचं नाही, एवढीच अट होती. त्या वेळी प्रत्येक गोष्टीत दोन-तीन पर्याय समोर होते. काही बरोबर निवडले, एक साफ चुकला. मराठवाड्यात अशी जुनी-नवी मिसळ असलेली घरं हजारोंनी आहेत. कुणी अशाच विचारात असेल तर हा हिशेब उपयोगी पडेल.

भिंती: चुना, डिस्टेंपर की प्लॅस्टिक पेंट?

आधी आमची चूक सांगते. पेंटरने दोन्ही खोल्यांना एकच काम सुचवलं: पुट्टी, प्रायमर, वर प्लॅस्टिक पेंटचे दोन हात. सगळं घर एकसारखं दिसेल म्हणून आम्हीही हो म्हणालो. बैठकीत ते काम आजही छान आहे. माजघरात पुढच्याच पावसाळ्यात जमिनीपासून गुडघ्याइतक्या उंचीवर रंगाला फोड आले. फोडावर बोट दाबलं की पापडासारखा आवाज होऊन पापुद्रा हातात यायचा, आणि त्याच्या आत कापसासारखा पांढरा लोणा. माजघराच्या त्या रंगाचे ९,४०० रुपये गेले.

कारण नंतर एका म्हाताऱ्या गवंड्याने समजावलं. जुन्या दगड-मातीच्या भिंतीला पायाशी ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, सोबत क्षार आणतं. भिंतीला चुना असेल तर ती ओल हवेत निघून जाते. प्लॅस्टिक पेंट म्हणजे भिंतीला रेनकोट घातल्यासारखं. पाणी बाहेर येऊ शकत नाही, क्षारांचे खडे रंगाच्या मागे साठतात आणि रंग ढकलून देतात. पुट्टीनेही ते थांबत नाही, कारण मातीच्या गिलाव्यावर पुट्टी नीट धरतच नाही.

मग सगळं खरवडून माजघराला चुना दिला. खर्च मजुरीसकट २,६००. कळीचा चुना लोखंडी पिंपात विरवला. प्लॅस्टिकची बादली अजिबात घेऊ नका, चुना विरताना पाणी उकळतं. पाणी आधी भरायचं, त्यात चुना थोडा थोडा सोडायचा, डोळ्यांवर चष्मा हवाच आणि लेकरं लांब. चार दिवस मुरू दिला, पातळ कापडातून गाळला, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. भिंतीवर आधी पाणी शिंपडलं, मग दुधाइतका पातळ चुना, तीन हात. पहिला हात दिला तेव्हा काहीच दिसेना, भिंत नुसती ओली वाटत होती. वाळता वाळता ती उजळत गेली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आता कसं माझं माजघर दिसायलंय."

चुन्याची अडचणही सांगायला हवी. त्याला टेकून बसलं की पाठीला पांढरं लागतं, ओल्या फडक्याने पुसता येत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो. लहान मुलं जिथे दिवसभर भिंतीला हात लावतात तिथे चुना टिकत नाही. आणखी एक गोष्ट: उद्या चुन्यावर दुसरा कोणताही रंग द्यायचा झाला तर चुना पूर्ण खरवडावाच लागतो, नाहीतर नवा रंग चुन्यासकट सोलून येतो.

विटांच्या कोरड्या भिंतीला मात्र मी प्लॅस्टिक पेंटच सांगेन. बैठक बारा बाय चौदाची, भिंती साधारण ४६० चौरस फूट. दोन हातांना एक लिटर साधारण ६०-७० चौरस फुटांना पुरतो, म्हणजे चार-चार लिटरचे दोन डबे आणि पुट्टीची ४० किलोची एक गोणी. छताला कुणाचा हात लागत नाही, म्हणून तिथे साधा डिस्टेंपर मारला आणि तेवढे पैसे वाचवले. एकूण १३,८०० रुपये झाले. नातवाने काढलेल्या पेन्सिलच्या रेघा ओल्या फडक्याने निघतात, याचं समाधान मोठं आहे.

डिस्टेंपर सगळ्या भिंतींना दिला असता तर खर्च निम्म्यावर आला असता. भाड्याने द्यायची खोली असेल, किंवा लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि नुसता उजेड हवाय, तर तो ठीक. स्वतः राहायच्या बैठकीत तिसऱ्या वर्षी तो मळकट दिसू लागतो आणि घासला तर रंगच फडक्याला येतो.

भिंत ओली आहे की नाही हे कळत नसेल तर प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला दोन दिवस चिकटवा. भिंतीच्या बाजूने आत दव साचलं तर पेंटरचं काहीही ऐकू नका, चुनाच द्या. ही परीक्षा पावसाळा संपता संपता घ्या. मे महिन्यात आपल्याकडे प्रत्येक भिंत कोरडीच वाटते.

फरशी: घासायची की झाकायची?

उदगीर-निलंगा पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात शहाबादी फरशी आहे. शहाबाद इथून फार लांब नाही, सीमेपलीकडे कलबुर्गी जिल्ह्यात. आता बहुतेक जण तिच्यावर सरळ व्हिट्रिफाइड टाइल्स बसवतात. आमच्या दिरांनी शेजारच्याच घरात तसं केलं, त्यामुळे दोन्ही रोज डोळ्यांसमोर असतात.

दिसायला टाइल्स उजळ, यात वाद नाही. संध्याकाळी ट्यूब लावली की त्यांची बैठक आमच्यापेक्षा मोठी वाटते. पण जमीन दीड इंचाने वर आली. सागवानी दारं खालून तासावी लागली आणि उंबरठा जमिनीत गेल्यासारखा झाला. खालची शहाबादी दोन ठिकाणी पोकळ वाजत होती, तिकडे लक्ष दिलं नाही. बरोबर तिथेच टाइलला तडा गेला. आमच्या काळ्या मातीत हे होणारच. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं सगळं हलवते.

बैठकीसाठी टाइल्सचा अंदाज १८,५०० आला होता. आम्ही त्याऐवजी शहाबादीच मशीनने घासून, सांधे सिमेंटने भरून पॉलिश करून घेतली, ३,००० रुपयांत. घासणाऱ्याचं पाणी खोलीभर राखाडी चिखलासारखं पसरलं होतं. ते पुसून काढल्यावर खाली निळसर दगड निघाला. चाळीशी-पन्नाशीतल्या माणसांना आपल्या लहानपणीची जमीन आठवावी तसा. उन्हाळ्यात दुपारी त्यावर उघड्या पाठीने झोपता येतं, हे टाइलवरही येतं म्हणा, पण घसरण्याची भीती तिथे जास्त. सासूबाईंचं वय पाहता माझ्यासाठी तेवढं कारण पुरेसं होतं.

शहाबादीचं एक पथ्य आहे. तो चुनखडीचा दगड आहे, त्याला आंबट सोसत नाही. चिंचेचं पाणी, लिंबू सांडलं तर लगेच पुसायचं, आणि संडास धुवायचं ॲसिड फरशीच्या जवळपासही आणायचं नाही. पॉलिश एका दुपारीत उतरतं.

तिसरा पर्याय, बाजारात मिळणारी लाकडासारखी दिसणारी प्लॅस्टिकची चटई. सर्वांत स्वस्त. जमिनीला ओल नसेल तरच घ्या, नाहीतर खाली बुरशी धरते आणि खोलीला कुबट वास येतो.

फरशी पोकळ वाजत असेल, तुकडे झाले असतील, तर मात्र घासण्यात पैसे घालू नका. जुनी उखडून टाइल्स बसवा, वरून नको.

डोक्यावर: इथे कंजुषी नको

परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि आमच्याकडेही फार वेगळं नसतं. भिंतीचा रंग कितीही सुंदर असो, दुपारी त्या खोलीत कुणी बसूच शकत नसेल तर तो बघणार कोण? म्हणून माझ्या मते पन्नास हजारांतला पहिला पैसा छतावर जायला हवा.

बैठकीच्या स्लॅबवर लोक खालून पीओपीचं फॉल्स सीलिंग करतात. मला ते पटलं नाही. ऊन वरून पडतं, तर ते वरच अडवायला हवं. गच्चीला पाण्यात चुना आणि थोडं फेविकॉल मिसळून दोन हात दिले. सामान १,१०० रुपयांचं, काम घरच्यांनीच केलं. रात्री अकरापर्यंत तापलेला राहणारा स्लॅब आता आठ-नऊलाच निवतो. पावसात हा थर धुऊन जातो, दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी पुन्हा द्यावा लागतो. तेवढी मेहनत नको असेल तर बाजारात पांढरा कोट मिळतो, तो काही वर्षं टिकतो पण खर्च कितीतरी पट. शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी धोरणच जाहीर केलं.

माजघराच्या पत्र्याचं गणित वेगळं. पत्र्याखाली थेट बसलं की डोकं भाजतं. आमच्याकडे जुनी रीत म्हणजे पत्र्यावर तुरीच्या तुराट्या किंवा कापसाच्या पऱ्हाट्या अंथरायच्या. फुकट काम आणि गारवाही खरा, पण वळवाच्या वाऱ्यात सगळं शेजाऱ्याच्या अंगणात, आणि चूल-धुराड्याजवळ आगीची धास्ती. थर्माकोलचं छत स्वस्त पडतं, पण स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत मी ते कधीच सुचवणार नाही, ते फार लवकर पेटतं. आम्ही पीव्हीसीच्या पट्ट्यांचं छत केलं, १६० चौरस फूट, १३,६०० रुपये. पत्रा आणि पट्टी यांच्यामध्ये फूटभर पोकळी ठेवली आणि दोन्ही टोकांना जाळ्या लावल्या, म्हणजे तापलेली हवा निघून जाते आणि उंदीर-चिमण्या आत शिरत नाहीत. पावसाचा तो कानठळ्या बसवणारा आवाजही निम्मा झाला. सासूबाईंना फोनवर लेकीशी बोलता येऊ लागलं. पंख्याचा हूक मात्र वरच्या लोखंडी अँगलला घ्या, पट्टीला चुकूनही नाही.

उरलेलं थोडक्यात

पंखे: बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, जुना ७५. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. दोन घेतले, ५,८०० रुपये. जुना पंखा चांगला चालत असेल आणि खोली दिवसातून दोनच तास वापरात असेल तर बदलू नका.

पडदे: विकत घेतलेच नाहीत. एका सुती सहावारी साडीत चार फुटी खिडकीचे चार पडदे होतात, म्हणजे दोन खिडक्या.

सोफा की जुनं लाकूड? माळवद उतरवलं तेव्हाच्या सागवानी तुळया घरात पडून होत्या. सुताराने त्यांचा बाकडा करून दिला, मजुरी घरातल्या ज्वारीच्या दोन पोत्यांवर ठरली. वर दोन वाकळी घड्या करून टाकल्या. भुश्याच्या पाट्यांचा तयार सोफा आपल्याकडच्या वाळवीपुढे फार तग धरत नाही.

सगळं मिळून रोखीत ३९,९०० झाले, आणि वाया गेलेला माजघराचा रंग धरला तर ४९,३००. हे तेव्हाचे आमच्या गावातले दर आहेत, आज थोडे वर असतील. काम दिवाळीच्या आधी नाही, नंतरच काढा. पेंटर मोकळे असतात आणि भाव करता येतो.

आणि हातात दहाच हजार असतील तर रंगाच्या दुकानात आधी जाऊ नका. गच्चीला चुना, एक चांगला पंखा, ओल्या भिंतीला चुना आणि शहाबादी घासून घेणं, एवढं त्यात होतं. सुरुवात गच्चीपासून करा, गुढीपाडव्याच्या आधी.