शिकारीचे मांस, हरणाचे मटण की बोकड?

गोव्यातल्या सत्तरी-सांगे तालुक्यांकडे ओळख असली की ‘शिकार आहे, हवी का?’ असा निरोप अजूनही येतो. माझे मत आधीच सांगतो: गोव्यात राहत असाल तर नको म्हणा. इंग्लंडात स्विंडनला किंवा लंडनला स्थायिक झालेल्या गोवेकराची गोष्ट वेगळी.

इथे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. रानडुक्कर, भेकर, सांबर, इतकेच काय, पावसातले बेडूकही त्यात आले. मांस विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो. गवा तर आपला राज्यप्राणी. त्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. रानडुक्कर भातशेती उद्ध्वस्त करते, शेतकऱ्याचा संताप अगदी खरा आहे. पण त्यावर चोरट्या मांसाचा धंदा हा उपाय नाही. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्याही अडकतो.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी ते मांस चांगले असते का? फासकीत रात्रभर तडफडलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपून जाते. मग मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही, ते काळपट, चिकट होते आणि लवकर नासते. पशुवैद्याची तपासणी नाही, बर्फ नाही. रानडुकरात ट्रिकिनेला हा कृमी आणि हेपटायटिस ई हा यकृताला सूज आणणारा विषाणू सापडतात. अर्धवट शिजलेल्या मांसातून ते माणसात येतात.

ब्रिटनमध्ये हरणे फार वाढली आहेत, झाडोरा खातात, म्हणून त्यांची संख्या मुद्दाम कमी करतात. तपासलेले मांस सुपरमार्केटमध्ये मिळते. न्यूझीलंडचे पाळीव हरणांचे मांसही कायदेशीर असते. तिथे जरूर घ्या. रानातले असेल तर शिशाची गोळी वापरली होती का, एवढे विचारा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला तसले मांस देऊ नये. त्यात चरबी फार कमी, म्हणून मांडीचे तुकडे जास्त परतले की चिवट होतात. शागोतीसाठी, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या गोवेकरी रश्श्यासाठी, खांद्याचे घ्या आणि मंद आचेवर शिजवा.

आता आकडे बघा. १०० ग्रॅम कच्च्या हरणाच्या मांसात साधारण २३ ग्रॅम प्रथिने, अडीच ग्रॅम चरबी, साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह. बोकडात अनुक्रमे सुमारे २१, सव्वादोन आणि २.८. फरक आहे तो एवढाच! आरोग्यासाठी हरिण शोधणाऱ्या गोवेकराच्या दारात बोकड आहेच. शागोतीतली चरबी मटणापेक्षा भाजलेल्या खोबऱ्यातून जास्त येते. हलके हवे तर नारळ अर्धा करा.

चवीत बदल हवा असेल तर फार्मवर वाढवलेला जपानी लावा (छोटा पक्षी) मागा. रानातला लावा मात्र नको, त्यालाही तोच कायदा लागू आहे.