ओमाहाची कॉलेज वर्ल्ड सिरीज : एका पराभवाने न संपणारी स्पर्धा

नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात दर जून महिन्यात होणारी कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा अखेरचा टप्पा, मी प्रेक्षक म्हणून कमी आणि यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी मुलामुलींना बेसबॉल शिकवणारा प्रशिक्षक म्हणून अधिक पाहतो. त्या नजरेने पाहता या स्पर्धेचा सर्वांत मोठा गुण तिच्या रचनेत आहे. येथे एक सामना हरलेला संघ घरी जात नाही.

आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने खेळवल्या जातात. उमरखेड किंवा दर्यापूरकडचा संघ पहाटेच्या एसटीने निघतो, पहिल्याच सामन्यात एखादी इनिंग (डाव) बिघडते आणि दुपारी सामान आवरावे लागते. वर्षभराचा सराव दोन-अडीच तासांत संपतो. अमेरिकेत मात्र ६४ संघ १६ ठिकाणी चार-चारच्या गटांत खेळतात आणि दोनदा हरल्यावरच संघ बाद होतो. त्या १६ विजेत्यांच्या आठ जोड्यांमध्ये तीनपैकी दोन सामने जिंकण्याची लढत होते, उरलेले आठ संघ ओमाहाला पुन्हा दोन गटांत त्याच दुहेरी बाद पद्धतीने खेळतात, आणि २००३ पासून अंतिम फेरीतही तीन सामन्यांची मालिका असते. एका उत्तम पिचरच्या (बॅटरला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) भरवशावर येथपर्यंत येता येत नाही. तिसरा आणि चौथा पिचरही तयार लागतो, आणि संघबांधणीची खरी परीक्षा तिथेच होते.

२००८ साली फ्रेस्नो स्टेट या विद्यापीठाचा संघ आपल्या प्राथमिक गटात चौथ्या, म्हणजे शेवटच्या मानांकनावर होता. जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध अंतिम मालिकेतील पहिला सामना तो हरला आणि पुढचे दोन्ही जिंकून विजेता ठरला. २०१८ चे उदाहरण तर मी माझ्या खेळाडूंना पुन्हा पुन्हा दाखवतो. ओरेगॉन स्टेटने ओमाहातील आपला पहिला सामना गमावला आणि अंतिम मालिकेतही आर्कान्सासकडून पहिला सामना गमावला. दुसऱ्या सामन्यात नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये तीनपैकी दोन खेळाडू बाद झालेले असताना ते ३-२ असे मागे होते, आणि तेव्हा उंच उडालेला एक फाउल (मैदानाच्या हद्दरेषेबाहेर गेलेला) चेंडू आर्कान्सासच्या तीन क्षेत्ररक्षकांच्या मधोमध जमिनीवर पडला. तो झेल घेतला गेला असता तर विजेतेपद आर्कान्सासचे होते. जीवदान मिळालेल्या बॅटरने बरोबरी साधली, त्याच्या पाठोपाठ होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे घालवणारा फटका) आला, सामना ५-३ असा फिरला आणि दुसऱ्या दिवशी ओरेगॉन स्टेटने ५-० असा विजय मिळवला. चेंडू वर असताना कोणी हाक द्यायची आणि कोणी बाजूला व्हायचे, हे शिकवण्यासाठी याहून प्रभावी चित्रीकरण माझ्या पाहण्यात नाही.

त्याच शेवटच्या सामन्यात मला या स्पर्धेचा गंभीर दोषही दिसतो. केव्हिन एबल या प्रथम वर्षाच्या पिचरने आदल्या दिवशी गोलंदाजी करूनही त्या सामन्यात १२९ चेंडू टाकले आणि केवळ दोन हिट (यशस्वी फटके) दिल्या. ही कामगिरी अद्वितीय आहे. परंतु वाढत्या वयातील खांद्यावर आणि कोपरावर इतका भार टाकणे मला प्रशिक्षक म्हणून पटत नाही, आणि आपल्या मुलांनी त्याचे अनुकरण करू नये असे मी स्पष्ट सांगतो.

आपल्याकडे शिकवण्यासाठी ही स्पर्धा व्यावसायिक लीगपेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण व्यावसायिक खेळाडू लाकडी बॅटने खेळतात आणि महाविद्यालयीन खेळाडू आपल्या खेळाडूंप्रमाणेच धातूच्या बॅटने खेळतात. २०११ पासून या बॅटच्या उसळीवर कडक मर्यादा आल्या आणि त्यानंतर काही वर्षे होमरन घटले. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने बंट (चेंडू बॅटने हळूच जवळ ढकलणे), शिस्तबद्ध क्षेत्ररक्षण आणि पिचिंग यांच्या बळावर जिंकलेली स्पर्धा म्हणूनच अभ्यासण्यासारखी आहे. अंगाने किरकोळ पण पायांनी चपळ असलेल्या आमच्या खेड्यांतील मुलांना ती शैली साधण्यासारखी आहे.

स्पर्धेची सुरुवात १९४७ मध्ये मिशिगनमधील कलामाझू येथे झाली; पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश त्या पहिल्या अंतिम फेरीत येल विद्यापीठाकडून खेळले होते आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने येलला हरवले. १९५० पासून ती ओमाहातच भरते. एकाच शहराने इतकी दशके विद्यार्थ्यांचा खेळ आपला मानून जपावा, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

मुलींसाठी मात्र येथे वेगळी बेसबॉल स्पर्धा नाही. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा सॉफ्टबॉलची असते आणि ती ओक्लाहोमा सिटीत भरते. भारतात मुलींच्या आंतरविद्यापीठ बेसबॉल स्पर्धा होतात, त्यामुळे तिथे मुलींची बेसबॉल स्पर्धा का नाही, हा प्रश्न माझ्या संघातील मुली विचारतात आणि तो रास्त आहे.

पाहण्याची सोय मध्यम आहे. ओमाहातील संध्याकाळी सहाचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, जूनमध्ये पेरणीची घाई असते, आणि वादळी पावसात वीज व नेटवर्क यांचा भरवसा नसतो. यूट्यूबवरील सारांश आणि जुन्या सामन्यांची चित्रीकरणे हा आमच्यासाठी अधिक व्यवहार्य मार्ग आहे. समालोचन वेगवान इंग्रजीत असते. वर्गात दाखवताना आवाज बंद ठेवून स्वतः मराठीत समजावलेले मुलांना अधिक उमजते. दुहेरी बाद पद्धतीचा तक्ता नव्या प्रेक्षकाला गोंधळात टाकतो, तेव्हा तो आधी फळ्यावर काढून घ्यावा. सुरुवात २०१८ च्या अंतिम मालिकेतील दुसऱ्या सामन्यापासून करावी, आणि तासिका अपुरी असेल तर फक्त नववी इनिंग दाखवावी.